रेलटोली

गोंदिया शहरातील रेल्वे स्थानकालगतचे एक लहान उपनगर. गोंदिया (लोकसंख्या सु. १.३२ लाख, २०११) हे महाराष्ट्राच्या ईशान्य सीमेवरील गोंदिया जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून ते मुंबई–हावडा लोहमार्गावर नागपूरच्या पूर्वेस सु. १३० किमी.वर आहे. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. एका अंगास बाजारपेठ व दुसऱ्या अंगास रेलटोली आणि तिला लागून वाढलेली रामनगरची वस्ती. उपनगर म्हटले की गावाच्या कडेचा भाग नजरेसमोर येतो. रेलटोली मात्र आज शहराच्या गाभ्यात आहे. तिला वेगळेपण दिले ते अंतराने नव्हे, तर मधल्या रुळांनी.

झाडीपट्टीत मूळ गावापासून अलग पडलेल्या लहान वस्तीस ‘टोला’ किंवा ‘टोली’ म्हणतात. अशी वस्ती बहुधा एखाद्या जातीच्या अथवा कुळाच्या नावाने ओळखली जाते. गोंदियातील मरारटोली हे त्याचे उदाहरण होय. मरार म्हणजे भाजीपाला पिकविणारा समाज. रेलटोलीच्या नावात जातीची जागा रेल्वेने घेतली आहे. भुसावळसारख्या गावी रेल्वेने स्वतःची आखीव वसाहत उभारली आणि ती ‘कॉलनी’ म्हणविली गेली. येथे लोकांनी रेल्वेलाच आपल्या परिचित ग्रामरचनेत सामावून घेतले, असे म्हणता येईल. या प्रदेशाच्या इतिहासलेखनात स्थलनामांच्या या पुराव्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

नागपूर–छत्तीसगढ हा मीटरमापी सरकारी लोहमार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला, तेव्हा गोंदिया हे त्यावरील एक सामान्य स्थानक होते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला व १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेला. तरीही १९०१ मध्ये गोंदियाची वस्ती सु. साडेचार हजारच होती. गावाचे भवितव्य पालटले ते त्यानंतरच्या दशकात. १९०३ मध्ये गोंदिया–नैनपूर हा अरुंदमापी (७६२ मिमी.) सातपुडा लोहमार्ग सुरू झाला आणि १९०५ मध्ये तो जबलपूरला जोडला गेला. दक्षिणेकडील फाटा नागभीडमार्गे १९१३ पर्यंत चांद्याला (चंद्रपूर) पोहोचला.

या दोन्ही अरुंद मार्गांचे डबे मुख्य मार्गावर चालत नसत. त्यामुळे सातपुड्याकडून वा चांद्याकडून आलेला माल गोंदियाला उतरवून रुंद डब्यांत भरावा लागे. लाकूड, बांबू, तेंदूची पाने, लाख, धान्य आणि बालाघाटकडील मँगॅनीज असा हा माल असे. गोंदियाच्या भरभराटीचे श्रेय सामान्यतः भातगिरण्यांना व विडी उद्योगाला दिले जाते आणि ते चुकीचे नाही. परंतु ते दोन्ही उद्योग ज्या सोयीवर पोसले, ती या मापबदलाच्या गैरसोयीतून निर्माण झाली. मालाची चढउतार म्हणजे हमालांना काम, कारकुनांना नोकरी आणि वखारीवाल्यांना भाडे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे व पुढच्या गाडीसाठी तासन्‌तास थांबावे लागे. पहारेकरी, सांधेवाले, इंजिनचालक आणि गार्ड यांना कामाच्या अवेळांमुळे स्थानकाच्या हाकेच्या अंतरावर राहणे भाग असे. अशा वस्तीला घड्याळ असते ते गाड्यांच्या वेळापत्रकाचे.

रेल्वेचे मोठे कारखाने मात्र गोंदियाला आले नाहीत. अरुंदमापी गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना नागपूरला मोतीबागेत राहिला. त्यामुळे येथे भुसावळसारखे रेल्वेनगर निर्माण न होता टोली ही टोलीच राहिली.

या वस्तीचे भाषिक रूपही रेल्वेने घडविले. बंगाल–नागपूर रेल्वेचे मुख्यालय कलकत्त्याला होते आणि तिच्या नोकरवर्गात बंगाली व तेलुगू भाषकांचा मोठा भरणा असे. शहरात व्यापारानिमित्त गुजराती व मारवाडी आले. भोवतालच्या खेड्यांतून पोवारी आणि झाडीबोली बोलणारे आले, तर पूर्वेकडून छत्तीसगढी. परस्परव्यवहाराची भाषा स्वाभाविकपणे हिंदी झाली. हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता, हेही त्याचे एक कारण आहे. पण केवळ त्यावरून गोंदियाचे हिंदीपण समजावून सांगणे अपुरे ठरेल.

कंपनीची रेल्वे १९४४ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली. १९५५ मध्ये गोंदिया दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण-पूर्व मध्य रेल्वेत समाविष्ट झाले. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला व शहरात शासकीय कचेऱ्यांची भर पडली. मात्र रेलटोलीचे जुने प्रयोजन त्याच सुमारास ओसरू लागले होते. चांद्याचा मार्ग १९९० नंतरच्या दशकात रुंद झाला. गोंदिया–बालाघाट टप्पा २००५ च्या सुमारास बदलला गेला आणि जबलपूरपर्यंतचे रुंदीकरण पूर्ण होण्यास २०२१ च्या सुमारापर्यंत काळ लागला. जबलपूर आणि दक्षिण भारत यांना जोडणारा हा जवळचा मार्ग आहे. राष्ट्रीय दळणवळणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्या श्रमावर येथील अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्या जगली, त्या श्रमाची गरज त्याबरोबर संपली. चांद्याकडून जबलपूरकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे आता गोंदियाला रिकामे करावे लागत नाहीत.