तळटीप : पायी शिकारीसाठी सांबरच का?

* लेखकाच्या या शिकारीच्या गप्पा १९७२ पूर्वीच्या दिवसांच्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तेव्हा वनखात्याचा परवाना काढून नेमून दिलेल्या ‘ब्लॉक’मध्ये शिकार करता येई. लेखकाला हाक्याची (हाकारे घालून जनावर पुढे काढण्याची) शिकार मान्य नव्हती. त्यांची आवडनिवड पायी माग काढण्याच्या कसोटीवर ठरली आहे. चितळ कळपाने राहते, म्हणजे अनेक डोळ्यांना एकदम चुकवणे आले. पण ते दिवसाउजेडी कुरणात दिसते तरी. भेडकी (भेकर) बुटकी, झुडपातली. दिसेपर्यंत गेलेली असते. सांबराचा नर बहुधा एकटा आणि रात्री चरणारा. उजाडताना तो चढावरच्या दाट रानात परततो, तेवढीच काय ती संधी. नाक फार तिखट, म्हणून चिमूटभर राख हवेत सोडायची, ती कुठे वाहते ते बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. वारा फिरला की ‘ढांक’ असा एकच आवाज, आणि माग संपला. लेखकाची निवड आम्हाला रास्त वाटते.

पुढच्या पानावर काळवीट आणि रोही (नीलगाय) हेही हरणांत मोजले आहेत. शास्त्राच्या दृष्टीने ते वेगळे : त्यांची शिंगे पोकळ व कायमची, तर सांबर-चितळांची भरीव, गळून पुन्हा येणारी.

ताडोब्यात शिकारबंदी १९३५ सालीच झाली होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आता या सर्व प्राण्यांची हौसेखातर शिकार हा गुन्हा आहे. जंगलात गळून पडलेले शिंगही वाचकांनी उचलून घरी आणू नये. — संपादक