दानाचा ओघ आणि दारिद्र्याचे मूळ

ठाणे जिल्ह्यात मानपाडा ह्या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याणहून शिळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आज दोन्हीकडे बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे. तथापि नावातील ‘पाडा’ हा शब्द अजून आपली जुनी साक्ष देतो. पाडा म्हणजे गावापासून अलग अशी, पाचपन्नास झोपड्यांची वस्ती. अशा वस्तीकडे श्रीमंताचे लक्ष गेलेच, तर ते दुष्काळात धान्य वाटण्यापुरते किंवा थंडीत घोंगड्या देण्यापुरते जात असे. ह्या दयेला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु माणूस उपाशी आहे म्हणून त्याला जेवू घालणे निराळे, आणि तो उपाशी का राहिला ह्याचा शोध करण्यासाठी व ते कारण कायद्याने दूर करण्यासाठी द्रव्य देणे निराळे. हा दुसऱ्या जातीचा दानधर्म आपल्याकडे केव्हा आणि कसा सुरू झाला, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पुण्याकडे वळू. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ मध्ये राज्य गेले तरी इंग्रजांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. एल्फिन्स्टनसाहेबाने तिच्यातील काही रक्कम संस्कृत पाठशाळेकडे वळविली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात ती पाठशाळा उघडली. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही नवशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेच्या पैशातील एक हिस्सा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळींचा संताप अनावर झाला. त्या तरुणांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले कामकरी वर्गातील दोनशे माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पैसा तोच होता, खजिनाही तोच होता. तो कोणाच्या पदरात पडावा एवढाच प्रश्न होता, आणि एवढ्याशा प्रश्नासाठी लाठ्याकाठ्यांची तयारी ठेवावी लागली. धर्मादाय निधी ही निरुपद्रवी वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता ज्यांच्यासाठी मी मुख्यतः हे भाषण योजिले त्या गृहस्थांकडे येतो. जमशेटजी टाटा ह्यांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा १८७१ मध्ये जन्मले आणि १९१८ मध्ये इंग्लंडात वारले. वडील बंधू दोराबजी पोलाद आणि वीज ह्यांत गढलेले. रतनजींचा ओढा कलावस्तूंचा संग्रह, प्राचीन अवशेषांचे उत्खनन अशा गोष्टींकडे. पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी सरकारी खात्याला त्यांनीच द्रव्य पुरविले. असा शौकीन मनुष्य १९१२ मध्ये लंडन विद्यापीठाला कळवितो, की दारिद्र्याची कारणे आणि त्यांचे निवारण ह्यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी मी दरसाल १,४०० पौंड देतो! त्यातून लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात त्यांच्या नावाची एक शाखा निघाली, आणि तिचे प्रमुख म्हणून रिचर्ड हेन्री टॉनी ह्यांची नेमणूक झाली.

टॉनी हे पुढे मोठे इतिहासकार आणि मजूर पक्षाचे विचारवंत म्हणून गाजले. १९१३ मध्ये ह्या शाखेच्या आरंभीच्या व्याख्यानात त्यांनी जे मत मांडले ते गिरणीमालकाच्या पैशावर बोलणाऱ्या माणसाने मांडावे ह्याचे मला अजून नवल वाटते. त्याचा आशय असा, की गरिबी हा मूलतः आळशी किंवा व्यसनी व्यक्तींचा प्रश्न नव्हे; धंद्याची, मजुरीची आणि मालकीची जी घडी बसली आहे तिचा तो प्रश्न आहे. ह्यानंतर त्यांनी एक साधा आणि नेटका शोध हाती घेतला. इंग्लंडात १९०९ च्या कायद्याने काही हलक्या धंद्यांत किमान मजुरीचे दर ठरविणारी मंडळे नेमली होती. त्यांपैकी एक धंदा म्हणजे लोखंडी साखळ्या घडविण्याचा. क्रॅडली हीथ ह्या गावी बायका आपल्या घरामागच्या लहानशा भट्टीवर ऐरणीचे घाव घालीत हे काम करीत. नवे दर मिळविण्यासाठी १९१० मध्ये त्यांना झगडावे लागले होते. दर वाढले तर धंदा बुडेल, असे मालक म्हणत. टॉनींनी घरोघर व कारखानोकारखानी चौकशी केली. १९१४ मध्ये साखळ्यांच्या आणि १९१५ मध्ये शिवणकामाच्या धंद्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मजुरी वाढली, आणि धंदा बुडाला नाही, असे त्यांना दिसून आले. किमान वेतनाच्या बाजूने आकडे घेऊन उभे राहणारे हे आरंभीचे ग्रंथ होत. त्यांच्या पाठीशी मुंबईचे पैसे होते.

रतनजींची दुसरी देणगी अधिक धाडसाची. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचा सत्याग्रह द्रव्याच्या अभावी टेकीला आला असता १९०९ मध्ये त्यांनी गांधीजींकडे २५,००० रुपये पाठविले, आणि पुढील तीनचार वर्षांत ती रक्कम १,२५,००० वर नेली. येथे गोपाळराव गोखले मध्यस्थ होते. परकीय सरकारचा कायदा मोडून तुरुंगात जाणारांच्या कुटुंबांना पोसण्यासाठी त्याच साम्राज्यातील एक कारखानदार उघडपणे पैसे देतो, हे आज वाचताना सोपे वाटते. त्या काळी ते नव्हते. गांधीजींनीही ह्या देणगीचा हिशेब १९१२ मध्ये जाहीर पत्राने दिला, त्यांत सत्याग्रही कुटुंबांसाठी उभारलेल्या टॉल्स्टॉय फार्मचीही हकीकत होती. कार्यकर्त्याने दात्याला हिशेब द्यावा आणि तो चारचौघांसमक्ष द्यावा, हा पाठ आमच्या पुष्कळ संस्थांनी गिरविला असता तर बरे झाले असते.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही रतनजींनी दरसाल १०,००० रुपये दहा वर्षे दिले. १९१३ मध्ये त्यांनी केलेल्या मृत्युपत्रातील इच्छा तर मुळातून वाचण्याजोगी आहे. हिंदी लोकांच्या सामाजिक, आर्थिक आणि राजकीय हिताच्या प्रश्नांचा तज्ज्ञांकडून शोध करवावा, त्यातून व्यवहारात आणता येतील अशा योजना आखाव्या, आणि हे काम साचेबंद दृष्टीने न करता शास्त्राचा व तत्त्वज्ञानाचा दिवसेंदिवस जो नवा प्रकाश पडत आहे त्याच्या आधाराने करावे, असा तिचा भावार्थ आहे. अमेरिकेतील रॉकफेलर ह्यांचा प्रसिद्ध निधी ह्याच १९१३ साली स्थापन झाला, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. त्या निधीची परीक्षा लगेच पुढील वर्षी झाली. कोलोरॅडोत लडलो येथे रॉकफेलरांचे हितसंबंध असलेल्या खाणींच्या संपवाल्यांच्या छावणीवर हल्ला होऊन बायकामुले मेली. त्यानंतर निधीने मालक-मजूर संबंधांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा ज्याच्या खाणीत रक्त सांडले त्याच्याच पैशाने हा अभ्यास कसा निर्मळ राहील, असा सवाल सरकारी चौकशी मंडळासमोर उभा राहिला.

आणि तसा सवाल आपल्याकडे उभा राहिला नाही असे कोणी समजू नये. १९२१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. रतनजी तेव्हा हयात नव्हते, कंपनी आणि न्यास ह्या भिन्न वस्तू होत, हे सर्व खरे. परंतु दारिद्र्याचे मूळ लंडनमध्ये शोधण्यासाठी ज्या नावाने पैसा गेला, त्याच नावाच्या कंपनीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्याची भातखाचरे बुडाली, ही विसंगती मी तरी झाकून ठेवू इच्छीत नाही. दात्याचा मोठेपणा मान्य करण्यासाठी तिच्याकडे डोळेझाक करण्याची गरजही नाही.

भारत सेवक समाजातून जी माणसे तयार झाली त्यांत नारायण मल्हार जोशी होते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग आणि पुढे कामगारांची पहिली अखिल भारतीय संघटना त्यांच्या हातून उभी राहिली. त्यांतच शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई गोखले होत्या. समाजाची मवाळ मर्यादा ह्या दोघांना पुढे पुरली नाही. ते बाहेर पडले, कम्युनिस्ट झाले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथे ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून काही वारली आले होते. लग्नासाठी कर्ज काढले म्हणून नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावयाचे, ह्या पद्धतीस तिकडे लग्नगडी म्हणत. तिची आणि वेठीची हकीकत सिमिंग्टनसाहेबाच्या सरकारी अहवालात पूर्वीच छापून निघाली होती, पण अहवालाने गडी सुटले नव्हते. त्या परिषदेनंतर काही महिन्यांतच वेठ व लग्नगडी मोडून निघाली, आणि गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलासरीनजीक जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच माणसे पडली. ह्या लढ्याचे श्रेय कोणा धनिकाच्या देणगीला देणे हा शुद्ध अन्याय ठरेल. ते वारल्यांचे आहे. मी एवढेच नोंदवितो, की माणसे घडविण्यासाठी दिलेला पैसा ती माणसे कोठवर जातील हे ठरवू शकत नाही.

शोधाच्या बाजूचे काम त्यापूर्वीच आपल्या प्रांतात रुजले होते. रावबहादूर काळे ह्यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातील शेतीपासून पुणे शहरातील संसारापर्यंत घरोघर मोजणी केली. सर दोराबजींच्या न्यासाने १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्यास समाजकार्याचे विद्यालय उघडले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

राहता राहिली किमान मजुरीची गोष्ट. टॉनी ज्या विद्यालयात शिकवीत होते त्याच विद्यालयात महायुद्धाच्या काळात आणि नंतर बडोद्याच्या शिष्यवृत्तीने परदेशी पहिले पाऊल टाकलेले एक महाराष्ट्रीय विद्यार्थी अर्थशास्त्र शिकून गेले. १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सभासद ह्या नात्याने मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडणारे भीमराव आंबेडकर ते हेच. विधेयक १९४८ मध्ये कायद्यात उतरले, आणि त्याच्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात शेतीच्या कामाचे नाव घातले गेले. पाड्यावरच्या माणसाच्या दिवसभराच्या कष्टाला सरकारी कागदावर किमान दर ठरविण्याची सोय त्या ओळीने झाली.