सेडान गाडीत सायकल कशी न्यायची? डिकी मोठी असूनही ती आत का जात नाही?

नवीन सायकल दुकानातून घरी आणायची आहे. मुलाची सायकल गावी न्यायची आहे. किंवा गोव्यात २०१९ पासून सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या स्पर्धेसाठी सायकल सोबत हवी आहे. एसयूव्ही असेल तर मागची सीट पाडली की काम झालं. पण घरात सेडान असेल तर? बरेच जण सरळ डिकी उघडी ठेवतात, सायकल अर्धी आत-अर्धी बाहेर करतात, सुतळीने बांधतात आणि निघतात. हा मार्ग धोक्याचा आहे आणि महागातही पडू शकतो. थोडं खोलकाम केलं तर बहुतेक गिअरच्या सायकली सेडानच्या आत नीट मावतात.

डिकी मोठी, मग अडचण कुठे?

होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, फोक्सवॅगन व्हर्टसची ५२१ लिटरची आणि ह्युंदाई व्हर्नाची ५२८ लिटरची. आकडे मोठे वाटतात, पण लिटर म्हणजे आतली एकूण जागा. सायकल आत जाणार की नाही हे ठरतं डिकीच्या तोंडावर. सेडानमध्ये हे तोंड बुटकं असतं, कारण मागची काच झाकणासोबत उघडत नाही. त्यात अनेक गाड्यांमध्ये झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या बंद होताना आत येतात आणि सामानावर आदळतात. सीएनजीची टाकी असेल तर डिकीचा विचार सोडूनच द्यावा.

आता सायकलचं माप पाहू. रोड बाइकच्या ७००सी चाकाचा टायरसकट व्यास साधारण ६७ सेंमी असतो. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर असतं साधारण १ मीटर. म्हणजे उभी सायकल जवळपास १७० सेंमी लांब होते. दोन्ही चाकं काढली की उरलेला सांगाडा सव्वा मीटरच्या आत येतो. मागच्या सीटवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एवढी जागा बहुतेक सेडानमध्ये असते. त्यामुळे सोपं सूत्र असं: सांगाडा मागच्या सीटवर, चाकं डिकीत.

कोणती सायकल मावते?

लहान मुलांची १२ ते १६ इंची सायकल बहुतेक वेळा न खोलता डिकीत जाते. २० इंची असेल तर पुढचं चाक काढावं लागतं. रोड बाइक आणि हायब्रिड दोन्ही चाकं काढल्यावर आरामात बसतात. २९ इंची माउंटन बाइक जरा नखरे करते. तिची रिम ७००सीचीच असते, पण जाड टायरमुळे चाक ७३ सेंमीच्या आसपास जातं आणि हँडलही रुंद असतं. अशा वेळी टायरमधली हवा सोडली की दोन-चार सेंमी मिळतात.

जुनी काळी, रॉड ब्रेकची सायकल मात्र सेडानसाठी नाही. चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि मडगार्ड खोलत बसण्यापेक्षा टेम्पो केलेला बरा.

खोलायची कशी?

१. आधी गिअर बदला. पेडल फिरवत चेन मागच्या सर्वांत लहान चक्रीवर आणा. चेन सैल पडते आणि चाक सहज निघतं.

२. रिम ब्रेक असेल तर त्याची पकड सैल करा, नाहीतर टायर ब्रेकमध्ये अडकतो.

३. पुढचं चाक काढा. क्विक रिलीजचा खटका असेल तर पान्याची गरज नाही. नट असतील तर बहुतेकदा १५ मिमीचा पाना लागतो.

४. मागचं चाक काढताना डिरेलर हाताने मागे ओढून धरा. चाक खाली निसटतं.

५. सीट खाली करा. आधी तिच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करा, म्हणजे नंतर उंची शोधत बसावं लागत नाही.

६. तरीही अडत असेल तर पेडल काढा. इथे अनेक जण फसतात. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, पण डाव्या पेडलचे उलटे. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.

डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून ठेवा. डिस्कला तेलकट हात लावू नका, ब्रेक कमी लागतो.

आत ठेवायची कशी?

सीटवर आधी जुनी चादर किंवा गोधडी अंथरा, कारण चेनचं काळं तेल कापडातून सहज निघत नाही. सांगाडा आडवा ठेवताना चेन आणि डिरेलरची बाजू वर असू द्या. डिरेलरवर वजन पडलं की त्याला धरणारा छोटा धातूचा तुकडा वाकतो आणि गिअर बिघडतात. चाकं डिकीत सपाट ठेवताना डिस्कची बाजू वर ठेवा आणि त्यांवर बॅगा रचू नका.

व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियासारख्या काही सेडानमध्ये मागची सीट ६०:४० अशी पडते. तिथे डिकीतूनच सांगाडा आत सरकवता येतो आणि एक माणूस मागे बसूही शकतो. मात्र मधल्या वाटेची उंची आधी मोजून पाहा.

बांधणं इतकं महत्त्वाचं का?

ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी धडकेत ०.१ सेकंदात थांबली, तर १२ किलोची सायकल साधारण १७० किलो वजनाइतक्या जोराने पुढे येते. समोर असतं ड्रायव्हरचं डोकं. म्हणून मागचे सीटबेल्ट सांगाड्यातून ओवून लावा आणि शिवाय एक पट्टा आवळा. शेजारी लहान मूल बसणार असेल तर हा प्रकार करूच नका.

डिकी उघडी ठेवून जाण्याचे तोटे वेगळे आहेत. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसकट, आत खेचला जातो. नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सामान ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर आलं तर कलम १९४ (१अ) खाली २० हजार रुपये दंड आहे. सामान उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी.

उन्हात गाडी उभी करायची असेल तर?

बंद गाडीत उन्हाळ्यात तापमान सहज ६० अंशांच्या घरात जाऊ शकतं. १०० पीएसआय हवा भरलेल्या टायरमध्ये अशा वेळी दाब ११० पीएसआयच्या वर जातो. म्हणून निघण्यापूर्वी थोडी हवा सोडा. ई-सायकल असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि गाडी सोडताना सोबत न्या.

पोहोचल्यावर ही तपासणी चुकवू नका

खरा अपघात बहुतेकदा गाडीत नव्हे, तर सायकल जोडल्यानंतर पहिल्या उतारावर होतो. कारण एकच, पुढचं चाक नीट घट्ट केलेलं नसतं.

सायकल जमिनीवर उभी करून चाक चिमट्यात पूर्ण बसवा आणि मगच खटका लावा. खटका अर्ध्यावर आला की जोर लागायला हवा आणि पूर्ण बंद करताना तळहातावर त्याचा वळ उमटायला हवा. सहज बंद झाला तर समजा सैल आहे. मग रिम ब्रेक सैल केला असेल तर तो परत अडकवा, हवा भरा, चाक फिरवून ते घासत नाही ना पाहा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. गाडी रिकामी असेपर्यंत एखादा स्पेसर किंवा नट सीटखाली राहिला नाही ना, हेही तपासा.

पहिल्यांदा या सगळ्याला अर्धा तास लागू शकतो. त्यामुळे स्पर्धेच्या पहाटे नव्हे, आदल्या रविवारी घरासमोर एकदा करून पाहिलेलं चांगलं.