लाखाच्या आकड्याची कुळकथा

सणसवाडीच्या लॅबमधला असो की पुण्याच्या, लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला की त्यात एक आकडा ठाण मांडून बसलेला दिसतो: मिलिलिटरमागे एक लाख. जंतू तेवढे भरले तर संसर्ग, नाहीतर संशय. मूत्रपिंड बिघडायला नेमके लाखच जंतू लागतात, असं मात्र मुळीच नाही. हा आकडा बोस्टनचा आहे.

असा संसर्ग बहुतेकदा करणारा जंतू तसा जुना. एशेरिख नावाच्या डॉक्टरने १८८५ मध्ये तो तान्ह्या बाळांच्या शौचात पाहिला; आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. मूत्राशयातून तो मूत्रवाहिनीच्या वाटेने वर चढतो. मूत्रपिंडात पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात, नलिकांत पू भरतो, कधी बारीक गळवं होतात. बाहेर दिसते ती हुडहुडी, ताप आणि कुशीतली कळ.

खरी पंचाईत मोजण्याची होती. लघवी बाहेर येताना त्वचेवरचे जंतूही तिच्यात मिसळतात. म्हणून डॉक्टर नळी घालून नमुना घेत आणि कधीकधी नळीनेच संसर्ग होई. बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये प्रश्नच बदलला: जंतू आहेत का, हे सोडा, किती आहेत ते सांगा. मूत्रपिंडदाहाच्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत लाख किंवा त्याहून जास्त निघाले. काही तक्रार नसलेल्या बायकांत तेवढे जंतू जेमतेम ६ टक्क्यांत. रेघ ओढली गेली ती तिथे.

पुढे तीच रेघ उन्हाळी लागलेल्या प्रत्येकीला लावली गेली. सिॲटलच्या वॉल्टर स्टॅम यांनी १९८२ मध्ये दाखवलं की अशा बायकांत लाखाची अट धरली तर निम्म्याच रुग्ण सापडतात. तिथे शंभर जंतूही पुरेसे.

मग लाख टिकला कसा? डॉक्टर म्हणतात, मर्यादा खाली आणली तर नको तिथे अँटिबायोटिक जाईल. बरोबर आहे, पण मला तेवढ्याने पटत नाही. माझा संशय लघवी प्लेटवर पसरायच्या तारेच्या लूपवर आहे. नेहमीच्या लूपमध्ये मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. प्लेटवर उगवलेली एक वसाहत म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू, शंभर वसाहती म्हणजे लाख. स्टॅमचे शंभर त्या लूपला बहुतेक वेळा दिसतच नाहीत! मोजायचं साधन होतं तेवढंच, म्हणून आकडाही राहिला, असं माझं ठाम मत.

उलटी चूकही होते. ऊब मिळाली तर ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. दुपारच्या उन्हात डबी नगर रोडच्या कोंडीत अडकली, तर हजाराचे लाख वाटेतच होतील.

तेव्हा नमुना मधल्या धारेचा द्या आणि दोन तासांत लॅबला पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. थंडी वाजून ताप आणि कुशीत कळ असेल, तर रिपोर्टची वाट न बघता आधी डॉक्टरकडे जा.