परदेशात वाढलेलं आयरिश संगीत : द पोग्ज आणि केल्टिक पंक

आजचा विषय आहे आयरिश लोकसंगीत आणि त्यातून पुढे आलेलं केल्टिक पंक. खेड्यातल्या घरात वाजणारं फिडल, साधी पत्र्याची शिट्टी म्हणजे टिन व्हिसल, आणि दुसरीकडे कर्कश, संतापलेलं पंक. यांची गाठ पडली कशी? माझ्या मते याचं उत्तर स्थलांतरात आहे.

थोडं मागे जाऊ. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढ्यांनीच देश सोडला. त्यानंतरही माणसं जातच राहिली, आणि जाताना सूर घेऊन गेली. कॉर्कमध्ये जन्मलेला फ्रान्सिस ओ'नील शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. त्याने तिथल्या आयरिश वादकांकडून धुना गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १,८५० धुनांचा संग्रह छापला. १९२० च्या दशकात स्लायगोच्या मायकेल कोलमनने न्यूयॉर्कमध्ये फिडलच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या तबकड्या उलट आयर्लंडात पोचल्या आणि गावोगावचे वादक त्यांवरून शिकू लागले! म्हणजे बघा, ज्याला आपण 'अस्सल' परंपरा म्हणतो, तिचा मोठा भाग परगावीच जपला गेला आणि घडलाही.

आता येऊ लंडनला. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली. लगेच दहशतवादविरोधी कायदा आला. इंग्लंडमधल्या सामान्य आयरिश माणसाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. नुसता उच्चार आयरिश असला तरी लोक वळून बघत. अशा शहरात १९८२ साली 'द पोग्ज' उभे राहिले. गायक शेन मॅकगोवन इंग्लंडात जन्मलेला, आईवडील आयरिश, लहानपणीचा काही काळ टिपररीत गेलेला. ऐन तारुण्यात तो लंडनच्या पंकमध्ये रमला होता.

त्यांनी केलं काय? वाद्यं जुनीच ठेवली : बँजो, अकॉर्डियन, टिन व्हिसल. जिग ही सहा मात्रांची चाल, आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनच्या गटांत मोजायची. ही नाचाची लय त्यांनी पंकच्या वेगाने पळवली. पण गाणी निवडताना त्यांच्या कानात १९६२ पासून डब्लिनच्या पबमधून पुढे आलेले 'द डब्लिनर्स' होते. 'डर्टी ओल्ड टाउन' हे गाणं दोघांनीही गायलं. अनेकांना ते आयरिश वाटतं. प्रत्यक्षात ते इवान मॅककॉलने इंग्लंडमधल्या सॅलफर्डवर लिहिलेलं आहे.

शुद्धतावादी मंडळी अर्थातच चिडली. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. आयरिश माणूस म्हणजे दारुडा, ही इंग्रजांची जुनी थट्टा हे लोक स्वतःच मंचावर मिरवतात, असं त्यांना वाटे. पण १९८७ मध्ये डब्लिनर्सनीच पोग्जबरोबर 'द आयरिश रोव्हर' गायलं आणि ते ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत गेलं. ज्येष्ठांनी ही शाखा आपली मानली होती.

या संगीतात धोकाही होता. बर्मिंगहॅम स्फोटांसाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली होती. १९८८ मध्ये पोग्जनी त्यांच्या बाजूने गाणं केलं, तर ब्रिटनच्या खाजगी वाहिन्यांच्या नियामकाने त्याच्या प्रसारणावर बंदी घातली. १९९१ मध्ये न्यायालयाने त्या सहाही जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सतरावं वर्ष होतं ते, त्यांच्या तुरुंगवासाचं.

पुढे १९९६ मध्ये बॉस्टनजवळच्या क्विन्सीत 'ड्रॉपकिक मर्फीज', १९९७ मध्ये लॉस एंजेलिसात 'फ्लॉगिंग मॉली'. गावं बघा मंडळी : लंडन, क्विन्सी, लॉस एंजेलिस. एकही आयर्लंडात नाही. म्हणूनच मी या बँडना ओ'नील आणि कोलमन यांच्याच रांगेत बसवतो. घर सुटलेल्या माणसांनी जे बरोबर नेलं, ते नव्या गावाच्या आवाजात वाजवलं. त्या आवाजात राग होता, कारण त्या गावात राहणंच सोपं नव्हतं.

आता प्रश्न घेऊ या.