"दोन वर्षं फुकट?" सिंगापूरच्या एका ब्रिगेडियरची गोष्ट



गेल्या महिन्यात लेकाला पुलाव टेकाँगला सोडून आलो. ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांना हा दिवस माहीत आहे. पासिर रिसहून निघायचं, फेरीने बेटावर जायचं, पोरांची शपथ बघायची, कुकहाउसमध्ये सोबत जेवायचं आणि मग त्याला तिथेच ठेवून परत यायचं. परतीच्या फेरीत सासूबाईंचा पुण्याहून फोन. "अगं, दोन वर्षं फुकटच की! इथली त्याच्या वयाची मुलं तोवर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचतील." मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र एक नाव डोक्यात घोळत राहिलं: जॉर्ज येओ. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते 'माजी परराष्ट्रमंत्री' एवढेच आठवतात. खरं तर त्यांची गोष्ट टेकाँगपासून थेट बिहारमधल्या राजगीरपर्यंत जाते. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा देशाकडे स्वतःचं म्हणावं असं सैन्य जवळपास नव्हतं. १९६७ मध्ये नॅशनल सर्व्हिस सक्तीची झाली. पण लोकांच्या मनात फौजेला मान कुठे होता? चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या मुलाला शिपाई करत नाहीत, अशी चिनी म्हणच आहे. आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' म्हणायचे, तसलाच प्रकार. हुशार मुलं डॉक्टर किंवा सरकारी अधिकारी व्हायची. म्हणून १९७१ मध्ये सरकारने सैन्याची परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. देशातली सर्वात हुशार मुलं निवडायची, त्यांना उत्तम विद्यापीठांत पाठवायचं आणि परत आल्यावर गणवेश चढवायचा. पहिल्याच तुकडीत ली सियन लूंग होते. पुढे तेही ब्रिगेडियर-जनरल झाले आणि नंतर पंतप्रधान.

१९५४ साली जन्मलेल्या जॉर्ज येओंना ही शिष्यवृत्ती १९७३ मध्ये मिळाली. केंब्रिजला इंजिनिअरिंग केलं, परत येऊन सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत अधिकारी झाले. मग त्यांना हवाई दलात पाठवलं. मध्येच हार्वर्डला जाऊन १९८५ मध्ये एमबीए केलं. त्यानंतर संरक्षण मंत्रालयात संयुक्त मोहिमा आणि नियोजनाचे संचालक, ब्रिगेडियर-जनरल हा हुद्दा, आणि वय अजून पस्तिशीच्या आत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे काही सामान्य शिपायाचं आयुष्य नव्हे. सिंगापूरने स्वतंत्र झाल्यापासून युद्ध लढलेलं नाही, आणि शिष्यवृत्तीवाले अधिकारी भराभर वर चढून पुढे मंत्री किंवा कंपन्यांचे प्रमुख होतात याबद्दल इथलेच लोक कुरकुर करतात. 'कागदी जनरल' असा टोमणाही ऐकू येतो. तो सगळाच खोटा नाही. पण मला त्यांची चढण सांगायची नाहीये. ते प्रत्येक ठिकाणाहून बाहेर कसे पडले, ते सांगायचंय.

पहिली एक्झिट स्वतःच्या मर्जीने. ऑगस्ट १९८८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी त्यांनी सैन्य सोडलं आणि पुढच्याच महिन्यात पीएपीतर्फे अल्जुनिड जीआरसीतून निवडून आले. जीआरसी म्हणजे गट-मतदारसंघ. पूर्ण टीम एकत्र जिंकते किंवा एकत्र हरते. ही पद्धत त्याच निवडणुकीत पहिल्यांदा आली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग तेवीस वर्षं खासदारकी, आणि त्यातली बहुतेक मंत्रिपदावर. माहिती आणि कला, आरोग्य, व्यापार आणि उद्योग, शेवटी २००४ पासून परराष्ट्र. भारताबरोबरच्या ज्या सीईसीए करारावरून इथे अजून वाद होतात, त्याच्या वाटाघाटी २००३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा व्यापारमंत्री हेच होते. आणि १९९१ चं त्यांचं ते वडाचं भाषण! राज्यसंस्था वडासारखी पसरली तर तिच्या सावलीत दुसरं काही रुजत नाही, म्हणून वडाची छाटणी करायला हवी; अर्थात वडाशिवायही आपलं चालणार नाही, असा त्याचा आशय. सरकारात बसलेल्या, त्यातही फौजेतून आलेल्या माणसाने हे म्हणावं याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं होतं. आपण वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळणारी माणसं. आपल्याला ही उपमा समजावून सांगायला नको.

दुसरी एक्झिट लोकांनी दिली. मे २०११. वर्कर्स पार्टीच्या लो थिया खिआंग यांनी १९९१ पासून जिंकत आलेली हौगांगची हक्काची जागा सोडली आणि ते आपली टीम घेऊन अल्जुनिडमध्ये उतरले. लोकांच्या मनात सरकारबद्दल राग आहे आणि पक्षाने बदलायला हवं, हे येओंनी प्रचारातच जाहीरपणे मान्य केलं. तरी हरले. वर्कर्स पार्टीला ५४.७२ टक्के मतं मिळाली. सत्ताधारी पक्षाने जीआरसी गमावण्याची ती पहिलीच वेळ. टीम एकत्र हरते, त्यामुळे एका रात्रीत परराष्ट्रमंत्र्यांची खासदारकीही गेली आणि मंत्रिपदही. वय छप्पन्न.

आपल्या ओळखीत कुणाची नोकरी छप्पन्नाव्या वर्षी गेली तर घरात कसं वातावरण होतं ते आपण पाहिलंय. येओ जानेवारी २०१२ मध्ये रॉबर्ट क्वोक यांच्या केरी समूहात गेले आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या केरी लॉजिस्टिक्सचे अध्यक्ष झाले. गोदामं, कंटेनर, मालवाहतूक असा तो धंदा. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी तिथल्या शेअर बाजारात आली. २०१९ पर्यंत ते अध्यक्ष होते. मोठ्या माणसाला मोठी खुर्ची मिळणारच, असं कुणी म्हणेल. खरंय. पण मंत्री राहिलेल्या माणसाला गोदामांचा धंदा शिकायला बसावं लागलं, हेही खरंय.

आणि आता आपल्या देशाचा भाग. नालंदा विद्यापीठ पुन्हा उभं करायची कल्पना २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी मांडली. सिंगापूरने ती उचलून धरली. २००७ मध्ये अमर्त्य सेन यांच्या अध्यक्षतेखाली मार्गदर्शक गट नेमला गेला, त्यात येओ होते. २०१० मध्ये संसदेने कायदा केला, सप्टेंबर २०१४ मध्ये राजगीरला जेमतेम पंधरा विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. दरम्यान २०१२ मध्ये भारत सरकारने येओंना पद्मभूषण दिलं. जुलै २०१५ मध्ये सेन यांच्यानंतर ते कुलपती झाले.

तिसरी एक्झिट इथली. नोव्हेंबर २०१६ मध्ये विद्यापीठाचं नियामक मंडळ बदलण्यात आलं आणि कुलपतींनाच त्याची पूर्वकल्पना दिली गेली नव्हती. विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा प्रश्न काढून त्यांनी राजीनामा दिला. दीड वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या जागी जानेवारी २०१७ मध्ये कोण आलं माहितेय? आपले विजय भटकर! अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, 'परम' महासंगणकाचे शिल्पकार. आणि जून २०२४ मध्ये नालंदाच्या नव्या परिसराचं उद्घाटन झालं.

तर सासूबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला बंटी मंत्री होणार?" नाही हो आई. बंटी बहुधा दोन वर्षांनी कॉलेजला जाईल आणि बाकीच्यांसारखी नोकरी शोधेल. पण आपण मुलांना एकच शिकवलंय: पायरी चढायची, मग पुढची पायरी. उतरायचं कसं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी उठून काय करायचं, पटलं नाही तर खुर्ची कशी सोडायची, हे आपण कधी शिकवलं? मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. टेकाँगवर पहिल्याच दिवशी त्याचे केस गेले, फोन लांब गेला, 'टॉपर' हे बिरुद गेलं. आता तो एका ओळीतला एक रिक्रूट आहे. तिथून सुरुवात करायची सवय लागली तर दोन वर्षं फुकट कशी म्हणू?

शनिवारी पहिल्यांदा घरी आला. काळवंडलाय, साबुदाण्याची खिचडी तीनदा घेतली आणि कुणी न सांगता ताट घासून ठेवलं. मी काही बोलले नाही.

तुमची मुलं जाऊन आली असतील तर खाली नक्की लिहा. परतीच्या फेरीत तुमच्या मनात काय होतं?