ऐकणाराही वाचकच

पेपर म्हणजे पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांची मिरासदारी, असा समज होता. तो आपल्या नगर जिल्ह्यानं मोडला. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षं चालवलं. पुढं ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. शेतात, गिरणीत राबणाऱ्या आपल्या वाडवडिलांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पेपरापुरता पैसाही नव्हता. मग एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कळलं नाही तर पुन्हा वाचायला लावायचं, त्यावर वाद घालायचा. म्हणून नुसत्या वर्गणीदारांच्या आकड्यावरून या पत्रांचं बळ मोजू नये. ज्यांना शाळेनं बाहेर ठेवलं, ते जगाचा विचार करायला इथंच शिकले.